ब्रेस्ट पंप घेण्याआधी : मापाचा, वेळेचा आणि उन्हाळ्याचा हिशेब

बाळंतपणाच्या तयारीच्या यादीत गेल्या काही वर्षांत एका वस्तूची भर पडली आहे. दुपटी, टोपरी आणि लंगोटांच्या जोडीला विजेवर चालणारा ब्रेस्ट पंपही आता सातव्या-आठव्या महिन्यातच मागवून ठेवला जातो. दीड-दोन हजार रुपयांपासून वीस हजारांच्या पलीकडे किमती असलेले पंप बाजारात आहेत आणि जाहिरातींचा सारा भर दूध ओढण्याच्या ताकदीवर असतो. पंप उपयोगी पडेल की कपाटात पडून राहील, हे ठरवणाऱ्या गोष्टी मात्र वेगळ्या आहेत आणि त्यांतील बहुतेक बाळ जन्मल्यानंतरच कळतात.

पहिला प्रश्न पंप हवाच का, हा आहे. बाळ पूर्ण दिवसांचे असेल, नीट ओढत असेल आणि आई दिवसभर त्याच्याजवळ असेल, तर पंपाची गरज सहसा भासत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांतील चीक इतका थोडा आणि दाट असतो की पंपाच्या भागांना चिकटून तो वाया जातो. स्वच्छ हातांनी तो वाटीत काढणेच श्रेयस्कर. हाताने दूध काढण्याची रीत प्रसूतिगृहातील परिचारिकेकडून शिकून घेतली, तर पुढे वीज गेली किंवा पंप बिघडला तरी ती कामी येते. दूध उतरल्यावर छाती दाटते, तेव्हा पंपाने ती वारंवार पूर्ण रिकामी करण्याचा मोह आवरावा. शरीर ती वाढीव मागणी समजते, आणखी दूध तयार करते आणि दाटणे वाढतच जाते.

बाळ अपुऱ्या दिवसांचे असून नवजात अतिदक्षता कक्षात असेल, तर स्थिती अगदी निराळी असते. बाळ ओढू शकत नसल्याने दूध टिकवण्यासाठी दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा ते काढावे लागते. येथे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दूध काढणारा, सतत चालवता येण्याजोगा दणकट पंपच हवा. मात्र तो विकत घेण्यापूर्वी रुग्णालयात चौकशी करावी. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. सार्वजनिक रुग्णालयांतील स्तनपान व्यवस्थापन केंद्रांसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. अशी सोय असलेल्या रुग्णालयात मातांसाठी पंप आणि प्रशिक्षित कर्मचारी मिळू शकतात. मोठ्या शहरांत असे पंप भाड्यानेही मिळतात.

नोकरीवर परतणाऱ्या आईला साधारणपणे दिवसातून दोन-तीन वेळा पंप वापरावा लागतो. तिच्यासाठी दुहेरी पंपाचा खर्च सार्थकी लागतो, कारण वेळ जवळपास निम्मा होतो आणि पंधरा-वीस मिनिटांत काम आटोपते. महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी बाहेर जाणारीला हाताने दाबायचा साधा पंप पुरेसा आहे. कपड्यांच्या आत बसणारे बिनतारी पंप सोयीचे खरे, पण कप नीट बसला आहे की नाही हे त्यांत दिसत नाही आणि वाकल्यास दूध सांडू शकते. दिवसभराची भिस्त केवळ त्यांच्यावर न ठेवलेली बरी.

यंत्राचे तत्त्व साधे आहे. बाळ सुरुवातीला भराभर, उथळ चोखते. पान्हा फुटला की त्याचा वेग मंदावतो आणि प्रत्येक घोट खोल होतो. चांगला पंप याच क्रमाचे अनुकरण करतो. (१९२० च्या दशकात अशा यंत्राचे पेटंट घेणाऱ्यांपैकी एक एडवर्ड लास्कर हे व्यवसायाने अभियंते होते, जगाला मात्र ते बुद्धिबळपटू म्हणूनच ठाऊक आहेत.) म्हणूनच वेग आणि ओढ स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येणे हे कमाल दाबाच्या आकड्यापेक्षा मोलाचे आहे. ओढ वाढवली म्हणजे दूध वाढते, असे होत नाही. वेदना आणि ताण यांमुळे पान्हा अडतो. दुखू लागण्याच्या एक पायरी खाली थांबणे हाच नियम. खोक्यावरील ‘हॉस्पिटल ग्रेड’ या शब्दांनीही भारावून जाऊ नये. या संज्ञेची सर्वमान्य व्याख्या नाही आणि ती कशाला लावायची हे प्रत्येक उत्पादक आपापले ठरवतो, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने म्हटले आहे.

सर्वाधिक दुर्लक्षित राहतो तो कपाचा आकार. स्तनावर बसणाऱ्या या नरसाळ्यासारख्या भागाला फ्लँज म्हणतात आणि पंपासोबत बहुधा २४ किंवा २७-२८ मिलिमीटरचा फ्लँज येतो. अनेक स्त्रियांना तो मोठा पडतो. स्तनाग्राचा व्यास साध्या मोजपट्टीने मोजावा आणि त्याहून किंचित मोठा कप निवडावा. स्तनाग्र नळीच्या भिंतीला घासत असेल तर कप लहान आहे. भोवतीचा गडद भागही आत ओढला जात असेल तर तो मोठा आहे. दोन्ही बाजूंचे माप वेगळे असू शकते आणि प्रसूतीनंतरच्या काही आठवड्यांत ते बदलतेही. एकदा वापरलेला पंप स्वच्छतेच्या कारणास्तव दुकानदार सहसा परत घेत नाहीत. तेव्हा वेगवेगळ्या मापांचे कप किंवा आत बसवायच्या चकत्या सुट्या मिळतात का, हे आधीच पाहून घ्यावे. ‘दूधच येत नाही’ या तक्रारीमागे कित्येकदा चुकीचा कप किंवा झिजलेली रबरी झडप असते. ती झडप काही महिन्यांनी बदलावीच लागते.

दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा असलेली ‘बंद’ रचना निवडावी. उघड्या रचनेत दूध किंवा वाफ नळीत शिरते आणि तेथे बुरशी धरते. एकीचा वैयक्तिक पंप दुसरीने वापरू नये, अगदी सख्ख्या बहिणीचा असला तरी. दुधाचा स्पर्श झालेले सर्व भाग प्रत्येक वापरानंतर सुटे करून, वेगळ्या भांड्यात साबणाच्या गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावेत. बाळ दोन महिन्यांहून लहान किंवा अपुऱ्या दिवसांचे असल्यास ते रोज उकळून घ्यावेत.

भारतात खरी कसोटी लागते ती साठवणुकीच्या वेळी. ताजे दूध खोलीच्या तापमानाला चार तास टिकते, असे पंपासोबतच्या पुस्तिकांत छापलेले असते. पण ती खोली २५ अंशांची गृहीत धरलेली असते. मे महिन्यात नागपूर, अहमदाबाद किंवा दिल्लीत हा हिशेब लागू पडत नाही. तेथे दूध काढताक्षणी शीतकपाटात किंवा बर्फाच्या पिशव्या ठेवलेल्या डब्यात जायला हवे. ४ अंशांखाली ते चार दिवस राहते, मात्र दारातील कप्प्यात नव्हे, आतल्या बाजूला. एकाच दाराच्या शीतकपाटातील बर्फाच्या कप्प्यावर महिनोनमहिने साठा करण्याइतका भरवसा ठेवू नये. वीजपुरवठा वारंवार खंडित होत असेल तर मुळीच नाही. साय वर येणे म्हणजे दूध नासणे नव्हे, हलकेच फिरवले की ते एकजीव होते. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली धरून ते कोमट करावे, मायक्रोवेव्हमध्ये नव्हे. उष्टे उरलेले दूध दोन तासांनंतर टाकून द्यावे.

बाळाच्या बाटल्यांच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्याने मनाई आहे. पंपाच्या खोक्यातून मात्र बाटली घरात येतेच. वाटी-चमचा किंवा आजीच्या काळचे बोंडले स्वच्छ करायला सोपे आणि तितकेच उपयोगी आहे.

साठवलेल्या बाटल्या मोजून हिरमुसण्याचे कारण नाही. केवळ अंगावर पिणारे एक ते सहा महिन्यांचे बाळ दिवसभरात सरासरी ७५० मिलिलिटरच्या आसपास दूध पिते. दोन पाजण्यांच्या मधल्या वेळेत पंपाने जेमतेम ३०-४० मिलिलिटर निघाले, तरी ते कमी दुधाचे लक्षण नाही. बाळाचे ओढणे यंत्राहून सरस असते.

राहता राहिला जागेचा प्रश्न. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते, म्हणजे केवळ स्तनपानाच्या शिफारशीतील सहा महिने जवळपास भरतात. पण दहांहून कमी कर्मचाऱ्यांच्या दुकानात किंवा कंत्राटावर काम करणाऱ्या कित्येकींच्या पदरात एवढी रजा पडत नाही आणि पंपाची निकड त्यांनाच लवकर भासते. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोज दोन स्तनपान-विरामांचा हक्क १९६१ च्या मूळ कायद्यापासूनच आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आणि तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभाही आहे. दूध काढण्यासाठी कडी लागणारी खोली, प्लग आणि शीतकपाट यांचा उल्लेख मात्र कायद्यात नाही. या तीन गोष्टी कार्यालयात आहेत का, हे रजा संपण्याच्या महिनाभर आधी लेखी विचारून घ्यावे. प्लग नसेल तर बॅटरीवर चालणारा पंप, शीतकपाट नसेल तर बर्फाचा डबा, अशी निवड त्या उत्तरावरून करता येते.