नाव झाकून जिंकलेली कथा

मराठी विज्ञानकथेला मानाचे पान मिळवून देण्यात एका टोपणनावाचा मोठा वाटा आहे. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखक: नारायण विनायक जगताप. अहमदाबादेतल्या एका परिसंवादात रटाळ भाषण चालू असताना खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकरांनी ती लिहायला घेतली होती. आपली आद्याक्षरे उलटी करून त्यांनी नाव बेतले आणि अक्षर कोणी ओळखू नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून कथा उतरवून घेतली. बक्षीस मिळाले ते निव्वळ कथेला.

त्याआधी मराठीत अद्भुताचे वावडे होते असे मुळीच नाही. अनंत अंतरकरांचे ‘नवल’ गूढ, भय आणि विस्मय यांवरच पोसले, भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मुलांच्या हाती दिला. पण विज्ञानाचा एखादा नियम धरायचा आणि त्यापायी माणसाचे काय होते ते मासिकाच्या मोजक्या पानांत सांगायचे, ही शिस्त अंगी बाणायला 1966 साली स्थापन झालेल्या परिषदेच्या या स्पर्धेची मोठी मदत झाली. पुढे बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, लक्ष्मण लोंढे यांनी ही वाट रुळवली. लोंढे यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ ही कथा तर अमेरिकेतल्या जेम्स गन यांच्या जागतिक संग्रहात गेली.

या कथांतली माणसे बहुधा मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांतली. विषय मात्र यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातही पडून आहेत. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ 2019 साली गळ्यात रेडिओ कॉलर घालून निघाला आणि शेते, रस्ते, नाले ओलांडत, हजारावर किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याचा ठावठिकाणा उपग्रहामार्फत कळत होता. ज्यांच्या कपाशीतून तो रात्री गेला असेल, त्यांना मात्र पत्ता नसावा. ही तफावत हेच विज्ञानकथेचे बीज. उद्या प्रत्येक वाघाची वाट आधीच वर्तवता आली, तर ती माहिती आधी कोणाच्या हाती पडेल, वनखात्याच्या, शेतकऱ्याच्या की शिकाऱ्याच्या?

दिवाळी अंकांच्या संपादकांनी असे विषय वणी-पांढरकवड्याच्या लिहित्या तरुणांकडून मागून घ्यावेत. आणि निवड करताना, 1974 सालासारखेच, नाव झाकून आधी कथा वाचावी.