डासांचा षड्ज-पंचम

कानाशी डास गुणगुणू लागला की आपला हात आपोआप उठतो. त्या गुणगुणण्याला कोणी संगीत म्हणणार नाही. परंतु अल्लादियाखाँसाहेबांच्या गाण्याचा वारसा सांगणाऱ्या या करवीरनगरीत त्याकडे स्वर म्हणून पाहावयास हरकत नसावी, असे आम्हांस वाटते.

हा स्वर कंठातला नव्हे, पंखांचा. डेंग्यू पसरविणाऱ्या ‘एडिस इजिप्ती’ जातीची मादी सेकंदाला सुमारे ४०० वेळा पंख हलविते, नर सुमारे ६०० वेळा. प्रमाण २:३, म्हणजे मादीचा षड्ज धरला तर नराचा पंचम! तंबोऱ्याच्या तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुपटीचे, तिपटीचे स्वरही उमटतात. पंखांचेही तसेच. ४०० ची तिप्पट १२००, ६०० ची दुप्पटही १२००. नर-मादी जवळ आली म्हणजे दोघेही पंखांची गती किंचित बदलून हा वरचा स्वर जुळवून घेतात, असे कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांना २००९ मध्ये आढळले.

नर ऐकतो ते डोक्यावरील केसाळ शृंगिकांनी. त्यांच्या बुडाशी असलेल्या इंद्रियाचे वर्णन जॉन्स्टन या अमेरिकन वैद्याने १८५५ मध्ये केले. पुढे १८७४ मध्ये मेयर यांनी नादकाटे वाजवून पाहिले. सतारीची तरफ आपल्याच स्वराला झंकारते, तसे हे केस ठराविक स्वरांना कंप पावत होते. ऐकण्यास लागणारे एक जनुक निकामी केलेले बहिरे नर माद्यांच्या सान्निध्यातही मीलनास प्रवृत्त होत नाहीत, हे २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात दिसून आले. मादी बहुधा एकदाच मीलन करते आणि त्यावर जन्मभर अंडी घालते. ते एक मीलन चुकविता आले, तर वंशच खुंटेल.

मग आवाजाने डास पळविण्याची यंत्रे घ्यावीत काय? अशा यंत्रांच्या १० क्षेत्रीय चाचण्या २००७ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या. डासांचे चावणे कमी झाल्याचे दिसले नाही. रक्ताच्या शोधातली मादी आपला श्वास, गंध आणि ऊब यांच्या मागाने येते. तिला स्वराशी कर्तव्य नाही.

तेव्हा आपल्या हाती जुनाच उपाय उरतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. पाण्याचे पिंप, कूलर आणि कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा घासून कोरडी केली, तर पंख फुटण्यापूर्वीच ही मैफल मोडते.