मागे चिकटलेली गाडी आणि काचेवरचा ‘पोलीस’

आजचा विषय आमच्या गटातल्या दोघींमुळे निघाला. सांगा म्हणाल्या, पण नावं घेऊ नका म्हणाल्या, म्हणून नावं घेत नाही.

दिवाळीनंतरचे, भातझोडणीचे दिवस. मुरबाडला पंचायत समितीतली बैठक आटोपून दोघी जावा स्कूटीवरून घरी निघाल्या. सरळगाव मागे पडलं आणि किन्हवलीच्या रस्त्याला अंधार पडायला लागला. मागून एक पांढरी गाडी आली. लाईट अप्परवर, हॉर्न चालू, आणि स्कूटीच्या इतकी जवळ की आरशात नुसता उजेड. यांनी साइड दिली तरी पुढे जाईना. वेग कमी केला की तीही हळू, वाढवला की तीही जोरात. मग शेजारी आली, काच खाली झाली. साध्या कपड्यातला माणूस म्हणाला, “गाडी बाजूला घे, पोलीस आहे मी.” पुढच्या काचेवर ‘पोलीस’ असा लाल-निळा स्टिकर होता.

पुढे चालवणारी थांबणारच होती. मागे बसलेली मोठी जाऊ म्हणाली, “इथं नाही. फाट्यावर दुकान आहे, तिथं चल.” दुकानापाशी दिवा होता, चार माणसं होती. गाडी थोडी पुढे जाऊन घुटमळली आणि निघून गेली. तो पोलीस होता की नव्हता, हे त्यांना तेव्हा कळलं नाही आणि आजही माहीत नाही.

घरी सांगितल्यावर काय झालं असेल ते तुम्हाला ठाऊकच आहे. दुसऱ्या दिवशी स्कूटीची चावी घरच्यांनी काढून ठेवली. चूक गाडीवाल्याची आणि बैठका बंद झाल्या हिच्या. म्हणून आम्ही हा विषय घेतला.

आधी रस्त्यावरचं बघू. ताशी ४० च्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. समोर काही आलं तर डोळ्यांनी बघून ब्रेकपर्यंत हात-पाय जायलाच साधारण एक सेकंद लागतो. दोन हात अंतरावर चिकटलेल्या माणसाला तो सेकंद मिळत नाही. तुम्ही खड्ड्यासाठी ब्रेक मारलात तरी तो तुमच्यावर येणार. म्हणून त्याला धडा शिकवायला ब्रेक दाबायचा नाही. आणि पळायचंही नाही, वेग वाढवला की तो मागे लागतोच. आपल्या पुढच्या वाहनापासून मात्र नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवायचं, म्हणजे आपल्याला एकदम ब्रेक मारायची वेळ येत नाही. डावीकडचा इंडिकेटर द्यायचा, हळूहळू वेग कमी करायचा आणि त्याला जाऊ द्यायचं. दहातले नऊ जण नुसते घाईतले उतावळे असतात, निघून जातात. त्यात मान-अपमान काही नाही.

घाटाच्या वळणावर, मोरीवर किंवा रानात एकटं थांबायचं नाही. माळशेजच्या धुक्यात नि कसाऱ्याच्या उतारावर तर नाहीच.

तो गेला नाही, तर सरळ उजेडाकडे आणि माणसांकडे. पेट्रोल पंप, ढाबा, दुकान, एसटी स्टँड, नाही तर पोलीस स्टेशन. आपल्या भागात शहापूर, वासिंद, कसारा, किन्हवली, मुरबाड आणि टोकावडे इथे पोलीस स्टेशन आहेत. आपल्या नेहमीच्या रस्त्यावर कुठलं लागतं ते आधीच माहीत असावं. घरी मात्र जायचं नाही. त्याला आपलं घर कशाला दाखवायचं?

फोन ११२ ला. चालवणारीने नाही, मागे बसलेलीने किंवा थांबल्यावर. फाट्याचं नाव, किलोमीटरचा दगड, कुठून कुठे चाललोय आणि गाडीचा नंबर सांगायचा. पूर्ण नंबर नाही जमला तर शेवटचे चार आकडे आणि गाडीचा रंग. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये संकटाचं बटण असायला हवं असा नियम आहे: साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण तीनदा पटापट दाबायचं. तुमच्या फोनमध्ये ते कसं आहे, हे मुलांकडून सेटिंगमध्ये बघून घ्या. रेंज नसते अशा भागातल्या बायकांनी निघताना ‘निघाले’ आणि पोचल्यावर ‘पोचले’ असा निरोप गटावर टाकायची सवय लावावी. आमच्या गटात ती आता लागली आहे.

आता खरा अवघड भाग. तो “मी पोलीस” म्हणाला तर?

मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम १३० सांगतं की गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर चालकाने लायसन दाखवलं पाहिजे. ‘गणवेशातल्या’ हा शब्द कायद्यातलाच आहे. म्हणून नाकाबंदी असेल, वर्दीतला पोलीस हात करत असेल, तर थांबायचंच. तिथून पळ काढू नका. साध्या कपड्यातले पोलीसही गुन्ह्याच्या तपासावर असू शकतात, पण मग ओळखपत्र मागायचा हक्क आपल्याला आहे. “साहेब, पुढे दुकानापाशी थांबते, तिथं बोलू,” एवढं नम्रपणे म्हणायचं, आणि ११२ ला विचारायचं की इथे असा कोणी माणूस तुम्ही पाठवला आहे का. खऱ्या पोलिसाला याचा राग यायचं कारण नाही.

हे आमचं डोकं नाही. लंडनमध्ये मार्च २०२१ मध्ये ड्युटीवर नसलेल्या एका पोलिसाने स्वतःचं खरं ओळखपत्र दाखवून एका तरुणीला गाडीत बसवलं आणि तिचा खून केला. त्याला मरेपर्यंत जन्मठेप झाली. त्यानंतर तिथल्या पोलिसांनीच ठरवलं की एकट्या साध्या वेशातल्या पोलिसाने बाईला थांबवलं, तर त्याने आपल्या नियंत्रण कक्षाशी बोलणं करून देऊन ओळख पटवायची. लंडनच्या बाईला जे विचारता येतं ते किन्हवलीच्या बाईलाही विचारता येतं.

स्टिकरचं म्हणाल तर तो कुठल्याही दुकानात करून मिळतो, त्याने कुणाला अधिकार मिळत नाही. नंबर प्लेटवर तर नंबराशिवाय दुसरं काही लिहिताच येत नाही. गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्याही गाडीवरून उतरले. २०२४ च्या जुलैत पुण्यात एका शिकाऊ सनदी अधिकाऱ्याच्या खासगी गाडीवरच्या दिव्याचा बोभाटा झाला, तेव्हा वाहतूक पोलिसांनी ती गाडी ताब्यात घेतली. मोठ्या माणसाची गाडी उचलली जात नाही असं आपल्याला वाटतं, पण उचलली जाते. बोभाटा व्हावा लागला, हेही खरं.

आणि तो खराच पोलीस निघाला तर? धोकादायक रीतीने गाडी चालवण्यासाठी कलम १८४ आहे. पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २१०-ब आलं: हा कायदा राबवण्याचा अधिकार ज्यांना आहे त्यांनीच तो मोडला, तर दंड दुप्पट. पोलीस नसून पोलीस म्हणवून घेतलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली किमान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद. म्हणजे तो कोणीही असला तरी तक्रार लागू पडते. तो कोण आहे ते शोधणं आपलं काम नाही.

म्हणूनच तक्रार लिहिताना एक काळजी घ्या. “एका पोलिसाने आमचा पाठलाग केला” असं लिहू नका. उद्या ती गाडी पोलिसाच्या मेहुण्याची निघाली की तुमचंच खोटं ठरवतील. जे पाहिलं, ऐकलं तेच लिहा: तारीख, वेळ, जागा, नंबर, रंग, किती वेळ मागे होती, काचेवर काय लिहिलं होतं, माणूस काय म्हणाला, दुकानात कोण कोण होतं. त्याच रात्री लिहा. सकाळपर्यंत आकडे उलटेसुलटे होतात.

तक्रार कुठल्याही पोलीस स्टेशनात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. पोच घ्या. गुन्हा नोंदवला तर त्याची प्रत फुकट मिळते. ठाण्यात घेतलं नाही, तर तीच तक्रार ठाणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती सोय आहे. पोलिसाने अधिकाराचा गैरवापर केला असं वाटत असेल, तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानंतर, २०१४ च्या कायद्याने ते आपल्याकडे आलं. आणि साक्षीदार म्हणून जबाब द्यायचा असेल, तर बाईला पोलीस स्टेशनात यायची सक्ती करता येत नाही, जबाब तिच्या राहत्या घरी घ्यायचा असतो. पुष्कळ घरांत तक्रार अडते ती “बाई चौकीत जाणार का” इथेच. तेव्हा हे घरात आधी सांगा.

त्या दोघींनी तक्रार दिली. मोठ्या जावेला शेवटचे चार आकडे पाठ होते. गटातल्या सहा जणी बरोबर गेल्या होत्या, तरी पहिल्या दिवशी “साहेब नाहीत, उद्या या” झालंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या आणि पोच घेऊन आल्या. उत्तर अजून आलेलं नाही. ती पोच धाकटीने घरात कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवून ठेवली आहे, आणि स्कूटीची चावीही आता त्याच खिळ्याला असते. मुरबाडच्या पुढच्या बैठकीला दोघी जाणार आहेत. निघायची वेळ तेवढी दुपारी दोनची ठरवून घेतली आहे.