आधण आल्यावर

पातेल्यातलं पाणी खळखळायला लागलं की तुमचा हात गॅसच्या बटणाकडे जातो का? बऱ्याच घरांत जात नाही. ज्योत होती तशीच राहते, आणि घाई असेल तर उलट आणखी मोठी होते. मोठी ज्योत म्हणजे जास्त आच, जास्त आच म्हणजे लवकर स्वयंपाक, हा हिशेब इतका सरळ वाटतो की तो तपासून पाहावा असं कुणाच्या मनातही येत नाही. तपासायचाच असेल तर पाकाला वापरतात तसला थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरा. बारीक ज्योतीवर तो 100 अंश सेल्सिअसच्या आसपास आकडा दाखवेल. आता ज्योत पूर्ण मोठी करा. बुडबुड्यांचा धुमाकूळ माजेल, पाणी ओट्यावर शिंतडेल, खिडकीची काच धुरकटेल. थर्मामीटर मात्र जागचा हलणार नाही. आतल्या बटाट्याला खाली काय चाललंय याचा पत्ताही नाही. त्याच्या दृष्टीने बारीक ज्योत आणि मोठी ज्योत सारखीच.

पहिल्यांदा हे पाहताना जरा फसवल्यासारखं वाटतं. एवढा गॅस जळतोय, तो जातोय कुठे?

जातोय वाफेत. 1760च्या दशकात स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत जोसेफ ब्लॅक नावाच्या प्राध्यापकाला याच प्रश्नाने पछाडलं होतं. पाणी तापवायला किती वेळ लागतो आणि तेच पाणी पूर्ण आटवायला किती, हे त्यानं ताडून पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की आटवताना आच तर सतत दिली जाते, पण तापमान वाढत नाही. ती उष्णता कुठेतरी लपून बसते. शाळेच्या पुस्तकात आपण तिला ‘अप्रकट उष्मा’ म्हणून पाठ केलं, गुण मिळवले आणि स्वयंपाकघरात येताना बाहेर ठेवून आलो.

आकडे मांडले की गंमत कळते. खोलीच्या तापमानाचं, म्हणजे समजा 25 अंशांचं, एक लिटर पाणी आधणापर्यंत न्यायला सुमारे 314 किलोज्यूल उष्णता लागते. तेच एक लिटर पाणी पूर्ण वाफ करून उडवायचं तर आणखी 2257 किलोज्यूल, म्हणजे सातपट! आता हे उलटं करून वाचा. भात किंवा रस्सा उघड्यावर रटरटत असताना चहाच्या कपाएवढं, दीडशे मिलिलिटर पाणी उडून गेलं, तर त्याच्याबरोबर जी उष्णता गेली तेवढ्यात दुसरं लिटरभर पाणी खोलीच्या तापमानापासून आधणाला आलं असतं. दीडशे मिलिलिटर म्हणजे काहीच नाही. पातेल्यातली पातळी बोटाच्या पेराएवढीही खाली जात नाही, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून आधण आल्यावर करायचं काम एवढंच: ज्योत इतकी बारीक करायची की बुडबुडे नुसते येत राहतील, आणि वर झाकण. शिजण्याचा वेळ तेवढाच राहतो.

झाकणाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण आपल्याकडे झाकणाची एक पद्धत आहे जी मला कुठल्याही प्रयोगशाळेतल्या उपकरणाइतकी देखणी वाटते. कोबी, गवार, पडवळ अशी भाजी फोडणीला टाकली की कढईवर खोलगट ताट ठेवायचं आणि त्या ताटात पाणी ओतायचं. भाजीत पाणी अजिबात घालायचं नाही. थोड्या वेळाने ताट उचललं की त्याच्या खालच्या बाजूला टपोरे थेंब लोंबकळत असतात, एकमेकांत मिसळून कढईत परत पडत असतात. भाजीच्या अंगचं पाणी वाफ होऊन वर जातं, गार ताटाला लागतं, आपली लपवलेली उष्णता ताटाला देऊन टाकतं आणि पुन्हा पाणी होऊन खाली येतं. भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते आणि करपत नाही. आणि ती उष्णता? ती ताटातल्या पाण्यात साठलेली असते. भाजी कोरडी पडतेय असं वाटलं की तेच गरम पाणी आत घालायचं. गोव्यात काजूची फेणी गाळतानाही वाफेचं पुन्हा पाणी करायला गार पाणीच कामी येतं. तिथे थेंब बाहेर काढून घेतात, इथे परत आत सोडतात. फरक तेवढाच.

वाफेचा आणखी एक गुण उकडीच्या मोदकांना ठाऊक आहे. वाफ जिथे सगळ्यांत गार जागा सापडेल तिथे आधी पाणी होते आणि तिथेच उष्णता सोडते. चाळणीतला एखादा मोदक इतरांपेक्षा गार असेल, तर त्याच्यावर जास्त वाफ जमते आणि तो इतरांच्या बरोबरीला येतो. त्यासाठी कुणाला मोदक हलवावा लागत नाही. वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्यापेक्षा जास्त का झोंबतो, तेही यातच आलं: गार असते ती आपली कातडी. शिर्डीला साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात 2009 साली छतावर 73 मोठ्या सौर तबकड्या बसवल्या, त्याही याच भरवशावर. ऊन पाण्याची वाफ करतं, वाफ नळीतून खाली भटारखान्यात येते आणि प्रचंड भांड्यांना आपला अप्रकट उष्मा देऊन मोकळी होते. म्हणजे उष्णता वाहून न्यायला वाफेसारखा हमाल नाही. आपण मात्र त्या हमालाला रोज भरलेल्या पोत्यासकट खिडकीबाहेर पाठवतो.

आता ज्योतीकडे वळू. गार पाण्याने भरलेलं स्टीलचं पातेलं बाहेरून कोरडं पुसून पेटत्या गॅसवर ठेवा आणि वाकून बुडाकडे पाहा. पहिल्या काही क्षणांत तिथे धुरकट ओल येते, मग वाळून जाते. पातेलं गळत नसतं. ते पाणी ज्योतीनं तयार केलेलं असतं. एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. त्यांच्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो आणि पाणी होतं, कार्बन जुळतो आणि कार्बन डायऑक्साइड होतो. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. तो पूर्ण जळला की बावीस किलोहून जास्त पाणी आणि सुमारे 43 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. गणित चुकलेलं नाही. वरचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. उचलताना कमरेत उसण भरावी असा तो सिलिंडर संपताना हलका झाला असं आपल्याला वाटतं, पण त्याच्यातलं सगळं, साडेचारपटीहून जास्त वाढून, बाहेर हवेत असतं.

भारतीय मानकाप्रमाणे घरगुती शेगडीची कार्यक्षमता किमान 68 टक्के असावी लागते. त्या हिशेबाने लिटरभर पाण्याला आधण आणायला साधारण 10 ग्रॅम गॅस लागतो, आणि त्यातून 30 ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. मघाशी उडून गेलेल्या त्या कपभर पाण्याचाही खर्च तेवढाच. दहा ग्रॅमने काय होतं, असं कुणी म्हणेल. एका घरात फारसं काही होत नाही, हे कबूल. पण देशात तीस कोटींहून जास्त घरांत एलपीजीची जोडणी आहे आणि त्यांच्यासाठीचा निम्म्याहून जास्त गॅस जहाजांतून परदेशातून येतो. पृथ्वी वाचवण्याच्या गोष्टी करताना आपल्याला मोठमोठ्या पवनचक्क्या आणि विजेवरच्या गाड्या दिसतात. त्या हव्यातच. पण कपभर वाफ गुणिले तीस कोटी, हाही आकडा लहान नाही.

हे झालं भांड्याबाहेरचं. आत डाळीचं काय चाललेलं असतं?

दाणा शिजायला दोन गोष्टी आत शिराव्या लागतात, पाणी आणि उष्णता. दोघांची चाल एकाच धाटणीची आहे: अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट. अख्खा बटाटा आणि अर्धा चिरलेला बटाटा यांच्या शिजण्यात एवढा फरक पडतो तो त्यामुळे. तूर भरडून डाळ केली की सालही गेलं आणि जाडीही निम्मी झाली, म्हणजे जातं किंवा गिरण चुलीचं काम आधीच करून ठेवते. हरभरे, वाटाणे, चवळी रात्री भिजत घालायचे त्याचं कारणही हेच. न भिजवलेला हरभरा गॅसवर चढवला तर बराच वेळ ज्योत दाण्यात पाणी मुरायची वाट पाहत उभी असते. तीच वाट रात्रभर ओट्यावर, फुकटात पाहता येते. सकाळी दाणे फुगून वजनाने दुपटीच्या आसपास गेलेले असतात.

दाण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिननं चिकटलेल्या असतात. ते सुटलं की डाळ शिजली. ‘डाळ शिजल्याशिवाय चिंच-गूळ घालायचा नाही’ हा घराघरांतला दंडक अगदी बरोबर आहे. आंबटामुळे पेक्टिन सुटायला वेळ लागतो, आणि गुळातलं कॅल्शियम त्याला आणखी आवळून धरतं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही ही तक्रारही खरी, कारण जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तेच करतं. चिमूटभर सोडा घातला की काम पटकन होतं, पण सोडा बी-1 जीवनसत्त्वाचा नाश करतो. मिठाच्या बाबतीत मात्र आजीचा अंदाज चुकला. मीठ आधी घातलं तर कडधान्य कडक राहतं असं ती सांगायची. प्रत्यक्षात भिजवायच्या पाण्यात थोडं मीठ टाकलं तर त्यातलं सोडियम सालातल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ होतं. आजीला हे सांगायला जाऊ नये, एवढंच.

उकळत्या पाण्याची 100 अंशांची वेस ओलांडायचा एकच मार्ग, दाब वाढवणे. समुद्रसपाटीपासून वर जाल तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळतं, साधारण दर 300 मीटरला एक अंश. महाबळेश्वरला ते 95-96 अंशांवरच खळखळतं, लेहला 88 अंशांच्या आसपास. तिथे डाळ तासन्‌तास उकळत राहते आणि दाणे तसेच. हाच खेळ उलटा खेळायचं डोकं चालवलं देनी पापाँ या फ्रेंच माणसानं. 1679 साली लंडनमध्ये त्यानं घट्ट झाकणाचं, दाब जास्त झाला की उघडणारी झडप असलेलं भांडं बनवलं. 1682 मध्ये त्यात शिजवलेलं जेवण रॉयल सोसायटीच्या सभासदांना वाढलं गेलं. हाडंसुद्धा मऊ झाली होती म्हणे. आपला प्रेशर कुकर त्याचाच पणतू. आत साधारण 120 अंश असतात. दर दहा अंशांना रासायनिक क्रियेचा वेग दुप्पट, असा एक ढोबळ ठोकताळा आहे, तो धरला तर वीस अंशांनी चौपट.

आणि इथेच आपण पुन्हा वाफ उधळतो. ‘चार शिट्ट्या करा’ असं कुणी सांगितलं तर त्याचा अर्थ काय? शिट्टी हे वेळेचं माप नव्हे. मोठ्या ज्योतीवर चार शिट्ट्या भराभर होतात, बारीक ज्योतीवर त्यांनाच बराच वेळ लागतो, आणि दोन कुकरांच्या शिट्ट्या एकसारख्या नसतात. पहिली शिट्टी कामाची आहे. दाब पुरेसा झाल्याचं ती सांगते, आणि तोवर आत अडकलेली हवाही बहुतेक बाहेर गेलेली असते. हवा राहिली तर तेवढ्याच दाबाला तापमान कमी भरतं. त्यानंतरची प्रत्येक शिट्टी म्हणजे डाळीच्या उपयोगाची नसलेली उष्णता, मोठ्यानं ओरडून बाहेर टाकलेली. पहिल्या शिट्टीनंतर ज्योत अगदी बारीक करून घड्याळाकडे पाहिलं तर कुकर जवळपास गप्प राहूनही आत 120 अंश टिकवतो. तूरडाळीला किती मिनिटं, हे डाळ किती जुनी आणि पाणी कुठलं यावर ठरतं. दोन-तीनदा केलं की आपल्या घरचा आकडा सापडतो.

एक अपवाद नीट लक्षात ठेवावा असा. राजमा. त्याच्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं आणि ते मंद, कोमट आचेवर मरत नाही. गॅस वाचवायला राजमा ऐंशी अंशांवर तासभर मुरवत ठेवणं धोक्याचं. तो आधी भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात कमीत कमी दहा मिनिटं खळखळून उकळायला हवा. कुकरमध्ये ही काळजी आपोआप मिटते.

तांदळाचं उलट आहे. त्यातलं स्टार्च 65 ते 75 अंशांच्या दरम्यानच फुगून मऊ होतं, त्यामुळे पाणी आटत आल्यावर गॅस बंद करून झाकण न काढता भात मुरू दिला, तर शेवटची मिनिटं त्याला ज्योतीची गरजच नसते. कुकरचंही तसंच. गॅस बंद केल्यावर दाब उतरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि त्यांतली बरीचशी मिनिटं आत तापमान 100 अंशांच्या वर असतं. चिमट्यानं शिट्टी उचलून फस्सकन वाफ सोडली किंवा कुकर नळाखाली धरला, तर तेवढं शिजणं गेलं आणि तेवढ्यासाठी आधी जास्त गॅस जाळावा लागला. पोळ्या तेवढ्यात लाटून होतात.