उत्तर मिळाले, पण गणित आले का?

गृहपाठाच्या वहीत उत्तर बरोबर आहे, रीतही चोख आहे. पण फळ्याजवळ बोलावले की तोच विद्यार्थी खडू धरून नुसता उभा राहतो. हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. पूर्वी हे काम गाइड करीत असे. आता मोबाइलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन करते, आणि तेही हव्या त्या प्रश्नासाठी. या मदतीने शिकणे वाढते की खुंटते?

तुर्कस्तानातील एका शाळेत २०२३ साली हे तपासून पाहण्यात आले. सुमारे एक हजार विद्यार्थ्यांनी गणिताचा सराव तीन प्रकारे केला. पहिल्या गटाकडे फक्त वही-पुस्तक होते. दुसऱ्याला 'जीपीटी-४' हे साधन मोकळे दिले होते. तिसऱ्यालाही तेच दिले, पण त्याने थेट उत्तर न सांगता केवळ पुढची दिशा सुचवावी अशी व्यवस्था केली होती. सरावात पहिल्या गटापेक्षा दुसऱ्याचे गुण ४८ टक्क्यांनी आणि तिसऱ्याचे १२७ टक्क्यांनी जास्त आले. मग साधन काढून घेऊन परीक्षा घेतली. दुसरा गट आता पहिल्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला; तिसरा जवळजवळ पहिल्याच्या बरोबरीने राहिला. काळजीची गोष्ट अशी, की आपण मागे पडलो आहोत हे दुसऱ्या गटातील मुलांना जाणवलेच नव्हते.

असे का व्हावे? रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे उपयोगी पडतो. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा उतारा एकदा वाचून, तो मिटून, आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत दोनदा वाचलेला उतारा अधिक आठवला. आठवड्यानंतर मात्र तो ४२ टक्के आठवला, तर आठवून लिहिलेला ५६ टक्के. म्हणजे आठवताना पडणारे कष्ट वाया जात नाहीत. त्यांनीच स्मरण पक्के होते. आयते उत्तर नेमके हेच कष्ट वाचवते.

मग साधन वापरूच नये काय? आम्हीही प्रयोगशाळेत आकडेमोड संगणकाकडून करून घेतो. परंतु उत्तर साधारण केवढे यावे, याचा अंदाज आधी कागदावर मांडतो; नाहीतर संगणकाला चुकीची संख्या दिली तरी ती ध्यानात येत नाही. जे येते ते यंत्राकडून करून घेणे वेगळे आणि जे शिकायचे आहे तेच त्याच्यावर सोपवणे वेगळे.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. एक उतारा घ्या. अर्ध्या वर्गाला तो दोनदा वाचू द्या. उरलेल्यांना एकदा वाचून, पुस्तक मिटून लिहायला सांगा. आठवड्याने सर्वांची चाचणी घ्या आणि गुण फळ्यावर मांडा. त्यावर मुलांनाच बोलू द्या. 'आधी स्वतः प्रयत्न, मग विचारणा' हा नियम मग त्यांच्याच तोंडून येण्याची शक्यता अधिक.