बलोपासना आणि भार उचलण्याचे शास्त्र

पुणे जिल्ह्यातील जेजुरीगडावर मर्दानी दसऱ्याच्या सांगतेस एक आगळी स्पर्धा भरते. पेशवाईतील सरदार पानसे यांनी खंडोबाचरणी अर्पण केलेला सुमारे ४२ किलो वजनाचा खंडा एका हाताने अधिकाधिक वेळ तोलून धरावयाचा, आणि ज्यांची तेवढी तयारी असेल त्यांनी तो दातांत धरून कसरती करावयाच्या, असे या स्पर्धेचे स्वरूप असते. महाराष्ट्रातील बलोपासनेची परंपरा आजही जिवंत असल्याचे हे बोलके उदाहरण होय. गोल दगड उचलणे, दोन्ही हातांत वजने घेऊन चालणे, जड टायर उलटविणे अशा ‘स्ट्राँगमन’ स्पर्धांचीही आता आपल्या तरुणांना ओढ लागली आहे.

मात्र खंडा पेलणारा जवान सर्वांना दिसतो. त्यामागील जोर-बैठकांची वर्षे दिसत नाहीत. त्यामुळे पैजेखातर पोते वा दगड उचलण्याचा, किंवा व्यायामशाळेत पाऊल टाकताच मोठ्या वजनाला हात घालण्याचा मोह होतो. अशा वेळी पाठीत उसण भरते, कंबर धरते, आणि कधीकधी ऐन उमेदीत जन्मभराचे दुखणे मागे लागते. शेती आणि मजुरीवर चालणाऱ्या घरात हे दुखणे केवळ त्या तरुणाचे राहत नाही. साऱ्या घराच्या मिळकतीवर त्याचा परिणाम होतो.

परीक्षा वेगळी, अभ्यास वेगळा

जास्तीत जास्त वजन उचलून दाखविणे ही परीक्षा होय. ती रोज द्यावयाची नसते. सन २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांत सांगलीच्या संकेत सरगर यांनी ५५ किलो गटात एकूण २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळविले. ‘क्लीन अँड जर्क’ प्रकारात त्यांनी १३५ किलो यशस्वीपणे उचलले. पुढे १३९ किलोचा प्रयत्न करताना त्यांच्या कोपरास दुखापत झाली. सुवर्णपदक अवघ्या एका किलोने हुकले. शिस्तबद्ध तयारी झालेल्या खेळाडूलाही अखेरचे चार किलो असे महाग पडू शकतात. मग नवशिक्याने किती सावध असावे, हे वेगळे सांगावयास नको.

यामागे शरीराचा एक धर्म आहे. नियमित व्यायामाने स्नायूंची ताकद काही आठवड्यांतच वाढू लागते. स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे मात्र त्या मानाने सावकाश बळकट होतात. ‘आता सहज झेपते’ असे वाटू लागते, नेमका तोच काळ जपण्याचा असतो.

प्रारंभ कसा करावा

पहिले काही आठवडे जोर, बैठका आणि हलके वजन एवढ्यावरच समाधान मानावे. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस हा व्यायाम पुरेसा होतो. मध्ये किमान एक दिवसाची विश्रांती असावी. सलग आठ ते बारा वेळा नीट उचलता येईल, असे वजन निवडावे. ते सहज होऊ लागल्यावरच थोडी वाढ करावी. २० किलोवर एक ते दोन किलोची वाढ पुष्कळ झाली. महागडे साहित्य नसले तरी अडत नाही. काट्यावर तोलून वाळू भरलेले, तोंड घट्ट शिवलेले पोते उत्तम काम देते. तारीख, वजन आणि आवर्तने यांची वहीत नोंद ठेवावी, म्हणजे उत्साहाच्या भरात उडी घेतली जात नाही.

उचलण्याची रीत

भार पायांच्या अगदी जवळ असावा. पावले साधारण खांद्यांइतकी फाकवून टाचा जमिनीवर टेकवाव्यात. पाठीला बाक न आणता नितंब मागे नेऊन व गुडघे वाकवून खाली जावे, पोट आवळावे आणि पायांनी जमीन रेटीत उठावे. उठताना श्वास हळूहळू सोडावा. तो कोंडून धरल्यास रक्तदाब एकाएकी वाढतो. भार हाती असताना कंबरेत पिळा घेऊ नये. वळावयाचे असल्यास पावले वळवावीत. भार खाली ठेवतानाही हीच रीत पाळावी. भार कंबरेपासून दुप्पट अंतरावर धरला, तर त्यामुळे कंबरेवर येणारा ताणही दुप्पट होतो. सिमेंटची ५० किलोची गोणी उचलणाऱ्या मजुरालाही हाच नियम लागू पडतो.

कोणी विशेष जपावे

उच्च रक्तदाब, हृदयविकार, अंतर्गळ किंवा पाठीचा जुना विकार असणाऱ्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून वजन उचलू नये. कंबरेतून पायात उतरणारी कळ, पायाला बधिरपणा, जांघेत फुगवटा अथवा छातीत दुखणे ही लक्षणे दिसताच व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जावे. वजन उचलल्याने मुलांची उंची खुंटते, या समजुतीस शास्त्रीय आधार नाही. परंतु मुलांचा व्यायाम जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीखालीच व्हावा आणि त्यांच्यात कमाल वजनाची चढाओढ लावू नये. झटपट शरीर कमावण्यासाठी घेतली जाणारी स्टिरॉइडची इंजेक्शने हृदय व यकृतास घातक ठरतात. डाळी, हरभरे, शेंगदाणे, दूध, अंडी आणि पुरेशी झोप यांवरच बळ उभे राहते.

गावाची जबाबदारी

शासनाच्या व्यायामशाळा विकास योजनेतून अनेक ठिकाणी इमारती व साहित्य उपलब्ध झाले आहे. याविषयीची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून मिळते. परंतु साहित्य आले म्हणजे व्यायाम आला असे नव्हे. ग्रामपंचायतीने व्यायामशाळेची वेळ ठरवावी, मुली व स्त्रियांसाठी सोयीची वेळ राखून ठेवावी आणि तेथे एक जाणता मार्गदर्शक असेल, अशी व्यवस्था करावी. शिक्षकांनी शाळेत रिकाम्या पोत्यावर उचलण्याची रीत शिकवावी. यात्रेतील शक्तीच्या स्पर्धांत वजन चढत्या क्रमाने ठेवून नवख्यांचा गट वेगळा करावा. पोते असो वा लोखंड, ते योग्य रीतीने उचलण्याची सवय लहानपणीच लागली, तर तरुणांचे बळ त्यांच्या उतारवयापर्यंत कामी येईल.