खुंटाळे, हॉल-स्टँड आणि जुन्या लाकडाची पारख

पावसाळ्यात पाहुणा दारात उभा राहतो. हातात निथळती छत्री, डोक्यावर टोपी, अंगावर ओला रेनकोट. 'या, बसा' म्हणण्याआधी यजमानाला पहिला प्रश्न पडतो तो हा, की हे सगळे ठेवायचे कुठे? आपल्या जुन्या घरांनी या प्रश्नाचे उत्तर भिंतीतच बसवून ठेवले होते. भिंत रचतानाच तिच्यात लाकडी खुंट्या पुरायच्या, म्हणजे ओटीवर पागोटे, अंगरखा, पिशवी टांगायची सोय कायमची झाली. जिथे भिंतीत खुंटी बसवणे सोयीचे नसे, तिथे एका फळीला ओळीने खुंट्या बसवून ती फळी टांगत. तिला म्हणत खुंटाळे. हा शब्द आजच्या मुलांना कितपत ठाऊक आहे, ते शिक्षकांनी एकदा वर्गात विचारून पाहावे.

हॉल-स्टँड हा या खुंटाळ्याचा साहेबी भाऊ. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या मध्यमवर्गाची घरे उभी आणि अरुंद असत. दार उघडले की लांबोडका बोळ. त्या बोळात एकाच भिंतीला सगळे मावले पाहिजे, म्हणून वर टोपी-कोटांसाठी हूक, मधे आरसा, त्याखाली हातमोजे ठेवायला छोटा खण, बाजूला छत्र्या-काठ्यांची कड्यांची चौकट आणि तळाशी पाणी साठायला लोखंडी तबक, असा एक सामानाचा प्रकार तयार झाला. आपल्याकडे तो साहेबांच्या बंगल्यांबरोबर आला आणि पुढे पारशी घरे, वकिलांच्या खोल्या, जिमखाने, संस्थानिकांचे वाडे इथे रुळला. साहेब गेला, सोला टोपी गेली, पण स्टँड मागे राहिले. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गोठ्याशेजारच्या खोलीत ते अजून धूळ खात उभे आहेत.

आता मुद्द्याचे. शहरात गेली काही वर्षे जुन्या लाकूडसामानाची हौस वाढली आहे. मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या बाजूला असा माल विकायला मांडलेला दिसतो. तामिळनाडूतील कारैकुडीत चेट्टियारांच्या मोठमोठ्या घरांतून निघालेल्या ब्रह्मदेशी सागवानी सामानाचा असाच मोठा बाजार आहे. हा माल येतो कुठून? तुमच्या-आमच्या गावातून. वाडा पाडायला काढला, की टेंपो घेऊन कोणीतरी येतो आणि म्हणतो, 'काका, हे जुनं लाकूड जळणात जायचं, उगाच जागा अडवतंय, मी उचलून नेतो.' म्हणून पारख ही जशी घेणाऱ्याला हवी, तशी देणाऱ्यालाही हवी. मी तर म्हणेन, देणाऱ्याला अधिक हवी. घेणारा फसला तर त्याचे पैसे जातात. देणारा फसला, तर आजोबांची वस्तू जळणाच्या भावात जाते.

देणाऱ्यासाठी एक साधा हिशेब सांगतो. सागवान घनफुटावर विकले जाते. सहा फूट उंच, दीड फूट रुंद आणि एक इंच जाडीची फळी म्हणजे पाऊण घनफूट लाकूड. स्टँडच्या प्रत्येक भागाचे असे माप घ्यावे, बेरीज करावी आणि जवळच्या वखारीत जुन्या सागाचा चालू भाव विचारावा. आलेला आकडा ही नुसत्या लाकडाची किंमत. कारागिरी, आरसा, पितळेचे हूक आणि वय त्यात अजून धरलेलेच नाही. या आकड्याच्या खाली कोणी मागू लागला, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. सातवी-आठवीच्या मुलांना घनफळ शिकवायला याहून चांगले उदाहरण मला तरी सुचत नाही.

आता वय कसे ओळखायचे? नुसते काळे दिसते म्हणून जुने, असे मुळीच नाही. काळा रंग चार दिवसांत चढवता येतो. पहिल्यांदा स्टँड भिंतीपासून पुढे ओढून त्याची पाठ पाहावी. दर्शनी बाजू सजवायला सगळेच शिकलेले असतात, पाठीकडे फार थोडे लक्ष देतात. आरशामागे प्लायवूड असेल, तर निदान तो भाग तरी विसाव्या शतकातला आहे, असे बहुधा समजायला हरकत नाही. जुन्या कामात तिथे पातळ फळ्या असत. मग स्क्रू पाहावेत. डोक्यावर एकच सरळ खाच असेल, तर तो जुना असू शकतो. फुलीसारखी खाच असेल, तर तो १९३० नंतरच्या काळातला, कारण तसल्या स्क्रूचा प्रसार अमेरिकेत त्या दशकात सुरू झाला. एखादा स्क्रू नंतरच्या दुरुस्तीत बदललेला असू शकतो. पण सगळेच फुलीचे असतील आणि विकणारा 'राणीच्या काळचा आहे' म्हणत असेल, तर हसून पुढे जावे.

करवतीच्या खुणांबद्दल पुष्कळदा सांगतात, की गोल कमानीसारख्या रेघा म्हणजे यंत्राची करवत आणि सरळ रेघा म्हणजे हातकरवत, म्हणून जुने. हा नियम विलायतेतल्या मालाला बरा लागू पडतो. आपल्याकडे दोन माणसांनी ओढायची आरी विसाव्या शतकातही चालू होती, तेव्हा सरळ रेघांवरून शंभर वर्षांची खात्री देता येत नाही.

त्यापेक्षा भरवशाची खूण लाकूड स्वतःच देते. लाकूड वर्षानुवर्षे सुकत जाते, पण सगळ्या दिशांनी सारखे आकसत नाही. म्हणून जुना कातीव खांब, जो कातारीने अगदी गोल केला होता, तो किंचित लंबगोल झालेला असतो. डोळ्यांना हे दिसत नाही. कंपास पेटीतला कर्कटक खांबाच्या दोन्ही अंगांना लावून व्यास मोजावा, एकदा एका बाजूने आणि मग काटकोनात फिरवून. फरक आढळला तर खांब जुना असण्याचा संभव बराच. तसेच जिथे हात रोज लागतो तिथे कडा गुळगुळीत हव्यात, आणि छत्रीची टोके जिथे आपटतात तिथे तबकाभोवती टोचे हवेत. सगळीकडे सारखीच झिजलेली वस्तू संशयाची. माणसे वस्तू सगळीकडून सारखी वापरत नाहीत, हो!

एक युक्ती फार चालते. एका कपाटाचा वरचा भाग, दुसऱ्याच टेबलाचे खाली, आणि मधे आरसा बसवून 'जुना हॉल-स्टँड' तयार होतो. लाकूड खरेच जुने असते, पण वस्तू काल जन्मलेली असते. यासाठी वरच्या आणि खालच्या भागाच्या लाकडाची जात, रेषा आणि पाठीचा रंग जुळतो का ते पाहावे. हुकांच्या आसपास बुजवलेली भोके किंवा गडद वर्तुळे दिसली, तर तिथे पूर्वी दुसरे काहीतरी होते. अशी वस्तू घेऊ नये असे नाही. उपयोगाला ती उत्तम असते, मात्र किंमत जोडकामाची द्यावी.

खिशात एक लहानसा लोहचुंबक असावा. शाळेच्या प्रयोगपेटीतला चालेल. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटला, तर तो पितळेचा मुलामा दिलेला लोखंडी हूक. उलट, बिडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा म्हणून सांगितलेल्या स्टँडला चुंबक चिकटलाच पाहिजे. चिकटला नाही, तर तो ॲल्युमिनियमचा आधुनिक ओतीव माल. बिडाला लाकडी दांड्याने हलकेच टिचकी द्यावी. अखंड असेल तर घणघणते, तडा असेल तर भद्द आवाज येतो. मडके घेताना आपण हेच करतो.

इंग्लंडातील श्रॉपशायर परगण्यात कोलब्रुकडेल नावाचे गाव आहे. जगातला पहिला मोठा लोखंडी पूल १७७९ मध्ये जवळच उभा राहिला. तिथल्या ओतशाळांनी पुढे बिडाचे सुंदर छत्री-स्टँड आणि हॉल-स्टँड काढले. अशा इंग्रजी मालावर कधीकधी शंकरपाळ्याच्या आकाराची उठावदार खूण सापडते. ती १८४२ ते १८८३ या काळात नोंदवलेल्या नमुन्यांवर असे. १८८४ पासून तिच्या जागी नुसता नोंदणी क्रमांक येऊ लागला. मात्र ही खूण नमुना कधी नोंदवला ते सांगते, ती वस्तू कधी ओतली ते नाही.

आता ज्याला मी सर्वांत शहाणा स्टँड म्हणेन, त्याच्याकडे वळू. मुंबईच्या इराणी हॉटेलातली वळणदार पाठीची खुर्ची तुम्ही पाहिली असेल. तिचा मूळपुरुष मायकेल थोनेट. हा जर्मन सुतार व्हिएन्नात येऊन स्थायिक झाला. बीच नावाच्या झाडाच्या काठ्या वाफेवर मऊ करायच्या, लोखंडी पट्टीच्या आधाराने साच्यात वाकवायच्या आणि वाळू द्यायच्या, ही त्याची रीत. १८५९ साली त्याची चौदा क्रमांकाची खुर्ची निघाली आणि तिने जग पादाक्रांत केले. ती सुटी करून पाठवता येई, एक घनमीटर खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. १८६९ मध्ये त्याचा एकाधिकार संपला आणि इतर कारखानेही हाच माल काढू लागले. याच रीतीने बनवलेला कोट-स्टँड म्हणजे मधे एक खांब आणि वरखाली वेलीसारख्या वाकलेल्या भुजा.

याची नक्कल ओळखायला सोपी आहे. वाफेवर वाकवलेल्या काठीत लाकडाच्या रेषा वळणाबरोबर वळत जातात. फळीतून करवतीने वळण कापले असेल, तर रेषा सरळ येऊन काठाशी तुटतात. अशी भुजा दिसायला तशीच असली तरी ओल्या कोटाच्या वजनाने नेमकी त्याच जागी मोडते. बैलगाडीचा किंवा नांगराचा वाकडा भाग निवडताना आपला सुतार नैसर्गिक वाक असलेलाच फाटा का शोधतो, त्याचे कारणही हेच. अस्सल बीचचा मात्र एक दोष सांगितलाच पाहिजे. आपल्या हवेत त्याला कीड लवकर लागते.

किडीची तपासणी सर्वांत महत्त्वाची, कारण एक किडका स्टँड घरातल्या इतर लाकडालाही रोग लावू शकतो. टाचणीच्या डोक्याएवढी भोके दिसली म्हणजे कीड जिवंत आहेच असे नाही. ती कदाचित केव्हाच निघून गेली असेल. स्टँडखाली काळा कागद पसरून आठवडाभर ठेवावा. कागदावर पिठासारखा ताजा भुसा पडला, तर कीड आत आहे. सागाच्या गाभ्याला ती सहसा शिवत नाही, पण सालीलगतच्या पांढुरक्या भागाला खाते. म्हणून सागवानी वस्तूतही त्या पांढऱ्या पट्ट्या आधी तपासाव्यात.

आरशाबद्दल थोडक्यात. काचेला नाण्याची कड टेकवावी. नाणे आणि त्याचे प्रतिबिंब यांत दिसणारे अंतर काचेच्या जाडीवर अवलंबून असते. आडवे पाहून काचेत लाटा दिसल्या, तर ती बहुधा जुनी. वितळलेल्या कथलावर तरंगवून काढलेली सपाट काच १९५९ मध्ये जाहीर झाली, त्यानंतर लाटा जवळजवळ नाहीशा झाल्या. मागचा चकचकीत थर खरवडू नये. एकोणिसाव्या शतकातल्या काही आरशांना कथील आणि पारा लावलेला असे, आणि पारा विषारी आहे. डाग पडलेला आरसा बदलण्यापेक्षा तसाच ठेवावा, असे माझे मत आहे.

घरी आणल्यावर लगेच रंधा किंवा पॉलिशपेपर चालवण्याची घाई करू नये. आधी न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाकावा. थर चिकट झाला, तर ते लाखेचे जुने पॉलिश आहे, आणि ते ओल्या फडक्याने पुसले तर पांढरे पडते. काहीच झाले नाही, तर वरचा थर अलीकडचा असण्याचा संभव जास्त. जुना तैलरंग दिलेला असेल, तर तो कोरडा घासू नये. जुन्या रंगांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ मुलांना फार अपायकारक असते. घरगुती रंगांतल्या शिशाला आपल्याकडे कडक मर्यादा लागू झाली ती २०१७ साली. जवसाचे तेल लावले, तर वापरलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

कायद्याची एक बाब आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांपूर्वीची कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते, आणि तशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला आजोबांचा कोरीव स्टँड पाठवायचा विचार असेल, तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी. आणि ज्यांना जुने घरगुती लाकूडकाम विकत न घेता नुसते पाहायचे असेल, त्यांनी पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे. रोजच्या वापरातल्या वस्तू किती जिव्हाळ्याने घडवीत, ते तिथे दिसते. शाळेची सहल पुण्याला जाणारच असेल, तर एक दुपार तिथे काढावी.

शेवटी, स्टँड उभा करताना तो डोक्याकडे जड असतो हे लक्षात ठेवावे. सगळे कोट एकाच बाजूला टांगले की तो कलतो, आणि लहान मूल धरून लोंबकळले तर अंगावर येतो. पाठीमागून दोन लोखंडी पट्ट्या मारून तो भिंतीला पक्का करावा. मातीची भिंत असेल तर नुसत्या खिळ्यावर भिस्त ठेवू नये. भिंतीत आधी सागाचा ठोकळा बसवावा आणि स्क्रू त्या ठोकळ्यात मारावा. शाळेत खुंटाळे लावायचे असेल, तर ते गुरुजींच्या नव्हे, पहिलीतल्या मुलाच्या खांद्याच्या उंचीवर, पण डोळ्यांना खुंटी लागणार नाही अशा बेताने, आणि टोके गोल केलेल्या खुंट्यांचेच लावावे.